फोटोवर रंग की फोटोवरून रंग?

पोर्ट्रेटमधे फोटो आणि पेंटिंग एकत्र करायचं तर मला दोन रस्ते दिसतात.

पहिला, फोटोच्या प्रिंटवरच रंग लावायचा. उदयपूरमधे वासवो एक्स. वासवो हा मूळचा अमेरिकन फोटोग्राफर रंगवलेल्या पडद्यापुढे लोकांना उभं करून फोटो काढतो आणि त्या ब्लॅक अँड व्हाइट डिजिटल प्रिंट राजेश सोनी हाताने रंगवतात, ज्यांचे आजोबा मेवाडच्या दरबाराचे फोटोग्राफर होते आणि तेही फोटो रंगवायचे. रंग इतका पातळ की खालची सावली, कपड्याची चुणी सगळं तसंच दिसत राहतं. पण एक आहे, हात चुकला तर प्रिंट गेली.

दुसरा रस्ता अमेरिकन चित्रकार चक क्लोजचा. फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर, आणि घर घर करत चेहरा भरायचा. 1967-68 चं त्याचं बिग सेल्फ पोर्ट्रेट जवळपास पावणेतीन मीटर उंच आहे, एअरब्रशने म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारून केलेलं, तोंडात सिगरेट, आणि कमाल म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस सुटल्यामुळे कान धूसर आले होते तर त्याने ते धूसरच रंगवले! 1988 मधे मानेखालचं शरीर लुळं पडल्यावरही मनगटाला ब्रश बांधून तो चौकटीच भरत होता.

मला विचाराल तर पहिलाच. क्लोजपुढे मी थक्क होतो, पण सोनींच्या रंगाखाली तो माणूस खरंच उभा असतो.