रस्टडेस्क: उबुंटू, विंडोज अन् मॅक तिन्हीवर वापरून पाह्यलं

आमचं सेवा केंद्र पुसद तालुक्यातल्या एका गावात आहे अन् घर पुसदला. पावसाळ्यात त्या रस्त्याने रोज जाणं काय असते ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. केंद्रात उबुंटू २२.०४ (लिनक्सची फुकट सिस्टीम, विंडोजच्या जागी), घरी विंडोजचा लॅपटॉप, पोरगी पुण्याला तिच्याकडं मॅक. घरूनच केंद्रातला कॉम्प्युटर उघडावा एवढंच पाह्यजे होतं, अन् शेवटी त्याला रस्टडेस्क कामी आलं, म्हणजे दूरचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवरून चालवायचं ॲप.

आधी एक नावाजलेलं ॲप टाकलं, सगळ्या सिस्टीमवर चालते असं लिहिलेलं. केंद्रात बसणाऱ्या भाच्यानं तिकडून ॲपमधला जोडणीचा नंबर सांगितला, मी टाकला, तर डिस्प्ले सर्व्हर सपोर्टेड नाही असा मेसेज अन् कनेक्शन बंद. तीन दिवस मी नेटच खराब समजत होतो. खरं कारण वेलँड, म्हणजे उबुंटूत स्क्रीनवर सगळं दाखवणारा भाग (डिस्प्ले सर्व्हर म्हणतात तो). उबुंटू आता त्याच्यावर चालते अन् त्यात एका प्रोग्रामला बाकीची स्क्रीन परस्पर पाहू देत नाहीत, त्याच कामाच्या जुन्या झॉर्गमध्ये हे बंधन नव्हतं. लॉगिनला आपल्या नावावर क्लिक केलं की खाली उजवीकडं दातेरी चाक येते, तिथं 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडा. उबुंटू २५.१० पासून तो पर्यायच काढला, म्हणून मी केंद्राचं उबुंटू पुढं नेलं नाही.

मंग रस्टडेस्क टाकलं. फुकट, ओपन सोर्स, अन् आमच्या कमजोर नेटवर क्वालिटी कमी केली की काम होते. पण मराठी टायपिंगनं भल्लं रडवलं. भाच्याचा फोन, "मामा, तुम्ही शेतकरी टाइप करून राह्यले का? इकडं भलतंच उमटून राह्यलं." दोन्हीकडं इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगचा कीबोर्ड, चालू होतं न! रस्टडेस्कमध्ये कीबोर्ड मोड 'मॅप' ठेवा (म्हणजे कोणतं बटण दाबलं तेवढंच तिकडं जाते), मराठी फक्त समोरच्या कॉम्प्युटरवर चालू करा अन् आपल्याकडं इंग्रजीच राहू द्या. तेव्हापासून जोडाक्षरंही बरोबर येतात.

मॅकवर पोरीनं स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिली, ॲक्सेसिबिलिटीची राह्यली, म्हणून मला सगळं दिसे पण माउस हलेना. दोन्ही द्या. विंडोजवर इन्स्टॉल करूनच चालवा, नाहीतर ॲडमिनची परवानगी विचारणारी चौकट आली की आपल्याला तिथं क्लिक करता येत नाही. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप होम एडिशनच्या कॉम्प्युटरवर बाहेरून उघडत नाही, प्रो लागते, म्हणून त्याच्या मागं लागलोच नाही.

आमच्याकडची खरी परीक्षा लाईन जाण्याची. कॉम्प्युटर परत चालू झाला की लॉगिनची स्क्रीन वेलँडवरच असते, तिथं रस्टडेस्क आत जाऊ देत नाही. जीडीएम३, म्हणजे लॉगिनची स्क्रीन चालवणारा प्रोग्राम, त्याच्या कस्टम डॉट कॉन्फ फाईलमध्ये वेलँड बंद करायची ओळ आधीच लिहिलेली असते, तिच्या पुढचं # काढलं अन् बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडायच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईन आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग केली. परवा रात्री लाईन आली तेव्हा पुसदहूनच पासवर्ड टाकला, सकाळी भाचा केंद्र उघडायच्या आत पीकविम्याचे राह्यलेले कागद स्कॅनच्या फोल्डरमधून काढून लावून ठेवले होते.