निंजा बिल्ड टूल: एरवी गप, फेल झालं की बरोबर बोलतंय

आमचं ऑफिस बेळगावात, उद्यमबागेत. मशीनवर बसणाऱ्या कंट्रोलरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) लिहितो, सगळं सी आणि सी प्लस प्लस. कोडच्या फाईलींवर कंपायलर चालवून प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड. त्याच्या कामांची यादी बनवणारं सीमेक आधीपासून होतंच, त्याच्या खाली ती कामं चालवणारं मेक होतं, ते मेक काढून मी निंजा बसवलो. बसवायला काय नाही ओ, उबुंटूत पॅकेजचं नाव निंजा-बिल्ड आहे, नुसतं निंजा म्हणून हुडकत बसू नका, आणि सीमेकला मायनस कॅपिटल जी निंजा सांगितलं की झालं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. स्पीडबद्दल सगळेच लिहितात (क्रोमसारख्या अवाढव्य प्रोजेक्टसाठी गूगलच्या इव्हान मार्टिननं लिहिलेलं टूल, स्पीड असणारच की), मला त्याच्या आउटपुटबद्दल लिहायचंय, कारण दिवसभर डोळ्यासमोर तेच असतंय.

मेक म्हणजे सीबीटीवरचा, आमच्या बसस्टँडवरचा, कंडक्टर, गाडी भरली तरी खानापूर खानापूर चालूच. हातानं लिहिलेली मेकफाईल (मेकला कामं सांगणारी फाईल) असेल तर प्रत्येक कमांड अख्खी छापतंय, नको असेल तर त्या ओळीपुढे ॲटचं चिन्ह लावा नाहीतर मायनस एस देऊन सगळंच गप करा. सीमेकनं बनवलेली असेल तर जरा सुधारलेलं असतंय, फाईलमागे एक ओळ आणि टक्के. पण मायनस जे देऊन आठ कामं एकदम चालू केली की ह्या फाईलची वॉर्निंग त्या फाईलच्या एररमध्ये घुसते आणि कोण कुणाचं ते कळत नाही. त्याच्यावर उपाय आहे, जीएनयू मेक 4.0 पासून मायनस कॅपिटल ओ, एकेका टार्गेटचं (म्हणजे बनवायच्या फाईलचं) आउटपुट गोळा करून देतंय, पण ते आपणहून चालू नसतंय आणि आमच्या ऑफिसात तरी कुणाला माहीत नव्हतं.

निंजात हे सांगावंच लागत नाही. टर्मिनलवर एकच ओळ, चौकटी कंसात किती झाले आणि एकूण किती, तीच ओळ जागच्या जागी बदलत राहते. एखाद्या फाईलनं वॉर्निंग दिली तर ती फाईल पुरी झाल्यावर तिचं सगळं एकत्र येतंय, मध्ये दुसऱ्याचं काही नाही. आणि फेल झालं तर, हे मला सगळ्यात आवडलेलं, फेल्ड म्हणून टार्गेटचं नाव, खाली ती अख्खी कमांड, आणि खाली कंपायलर काय म्हणाला ते. म्हणजे व्हर्बोज इक्वल टू वन लावून परत बिल्ड मारायचं कामच नाही, तीच कमांड उचलायची, हातानं चालवायची, कुठला इन्क्लूड पाथ चुकलाय ते दोन मिनिटात दिसतंय. बरोबर चाललेल्या चारशे फाईलींच्या कमांडा मला बघून काय करायच्यात? तरी बघायच्याच असतील तर मायनस व्ही आहे. काहीच न बदलता फाईल परत का बिल्ड होतेय हे बघायचं असेल तर मायनस डी एक्सप्लेन, हे फार कमी लोक वापरतात आणि लई कामाचं आहे.

आता तक्रारी. आउटपुट साठवून शेवटी देतंय ना, त्यामुळे बिल्डमध्ये एखादी लांब स्क्रिप्ट असली, आमच्यात फ्लॅशची इमेज बनवणारी आहे, तर ती संपेपर्यंत स्क्रीन थंड. नवीन पोरं कंट्रोल सी मारून मोकळी होतात आणि वर "सर हँग झालंय" म्हणतात. सीमेकमध्ये त्या कस्टम टार्गेटला यूजेस टर्मिनल लिहिलं की स्क्रिप्टचं आउटपुट थेट येतंय, पण हे कुणीतरी सांगायला लागतंय.

दुसरं म्हणजे रंग. निंजा कंपायलरचं आउटपुट थेट स्क्रीनवर न सोडता पाइपमधून स्वतःकडे घेतंय, त्यामुळे जीसीसी ह्या कंपायलरला वाटतंय समोर टर्मिनल नाही आणि एररचा लाल रंग गायब. आमच्या सीनियर साहेबांनी एवढ्यावरनं निंजाला नापास केलेलं. सीमेक 3.24 पासून सीमेक कलर डायग्नॉस्टिक्स ऑन करायची सोय आहे, जुनं सीमेक असेल तर जीसीसीला एफ-डायग्नॉस्टिक्स-कलर ऑलवेज द्या. आणि डॉट निंजा लॉग नावाची फाईल दिसली म्हणून तिच्यात एरर हुडकू नका, तिथं कुठली कमांड कधी चालू झाली कधी संपली एवढंच असतंय.

सीआय सर्व्हरवर (कोड टाकला की आपोआप बिल्ड मारणारं मशीन) मात्र निंजा गप बसणं विसरतंय. टर्मिनल नसलं की तीच एक ओळ प्रत्येक फाईलला नवीन ओळ म्हणून छापली जाते, लॉग मेकइतकाच लांब. 1.11 पासून डॅश डॅश क्वाएट आलंय, त्यानं प्रोग्रेस बंद होतो आणि कंपायलर बोलला तेवढंच राहतंय. आमच्या जावा करणाऱ्या टेबलावर मेव्हनची (जावाचं बिल्ड टूल) असलीच रड होती, जार म्हणजे जावाच्या लायब्ररी फाईली डाउनलोड होताना ओळीच ओळी, तिथं मायनस एनटीपी लावल्यावर लॉग वाचण्यासारखा झाला.

पाचातले चार स्टार देतो, एक कापला तो थंड स्क्रीनचा. आणि कोण बसवणार असाल तर एक बघा, लॉग ठेवायला म्हणून निंजाचं आउटपुट टी कमांडमध्ये (स्क्रीनवर दाखवून फाईलीतही लिहिणारी) पाइप करत असाल तर बॅशमध्ये आधी सेट मायनस ओ पाइपफेल लिहा, नाहीतर बिल्ड फेल झालं तरी एक्झिट कोड (पास की फेल सांगणारा आकडा) टीचा येतोय, टी सहसा फेल होत नाही, आणि सीआयवर सगळं हिरवंगार दिसतंय.