एम्बेसच्या नावाखाली पबमेड विकलं

सोलापुरात एम.फार्म.चा प्रबंध करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, कारण पैसे घेऊन मला खोटी शोधयादी देणारा माणूस आता दुसऱ्या कॉलेजांतल्या मुलांनाही फोन करतोय.

माझा विषय मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आणि बी-१२ची कमतरता. आमच्या कॉलेजात एम्बेस, म्हणजे औषधं आणि वैद्यकावरचे संशोधनलेख शोधायचा डेटाबेस, नाही. ते एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीचं, वर्गणी भरून मिळणारं. औषधांच्या दुष्परिणामांवर काम करायचं तर ते टाळता येत नाही. मेडलाइनमध्ये (पबमेड या दुसऱ्या डेटाबेसचा मुख्य भाग) न येणारी कितीतरी जर्नल्स, विशेषतः युरोपातली, आणि २००९पासूनचे परिषदांमधले गोषवारे त्यात असतात. सात रस्त्याजवळच्या एका ‘रिसर्च कन्सल्टन्सी’ने पबमेड, एम्बेस आणि कोक्रेन, तिन्ही डेटाबेसांत शोध करून देतो म्हणून बारा हजार घेतले. त्यात ‘पबमेड मेंबरशिप’चे दीड हजार वेगळे लावले होते. पबमेड १९९७पासून सगळ्या जगाला फुकट आहे! ते अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय चालवतं, आणि तिथलं खातंही फुकटच उघडतं.

एक्सेल फाइल देखणी होती. तीन रंग, तीन रकाने. आमच्या गाइड सरांनी मात्र पहिल्याच पानावर बोट ठेवलं: एम्बेसच्या सर्च स्ट्रॅटेजीत मेशचे, म्हणजे पबमेडच्या विषयसूचीतले, शब्द, तेही पबमेडच्या चौकोनी कंसातल्या खुणांसकट. एम्बेसची शब्दसूची एमट्री; तिथे असं लिहून शोध चालतच नाही. मग मी ‘एम्बेस’च्या रकान्यातली एकेक नोंद तपासली. प्रत्येकीला पीएमआयडी, म्हणजे पबमेडचा नोंदक्रमांक. परिषदेचा गोषवारा एकही नाही. पबमेडचीच यादी दोन तुकड्यांत कापून दोन नावांनी दिली होती.

विचारायला गेले तर तो कन्सल्टन्सीवाला म्हणाला, “ताई, एम्बेसमध्ये मेडलाइन असतंच की, मग नोंदी सारख्याच येणार.” यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच मुलं गप्प बसतात. पण मेडलाइनबाहेरचं जे एम्बेसमध्येच सापडतं, ते कुठे गेलं? आणि यादी खरोखर सारखी असती तर दोन्हींत दोनदा आलेल्या, म्हणजे डुप्लिकेट, नोंदी शेकड्याने निघाल्या असत्या. फाइलमध्ये त्या शून्य होत्या.

मला पैशांपेक्षा याचा राग जास्त आहे की त्या यादीवर निष्कर्ष काढला असता, तर वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसांबद्दल मी अर्धवट पुराव्यावर बोलले असते. आपल्याकडे घरोघरी ती गोळी आहे.

पैसे परत मिळाले नाहीत. पावती साध्या कागदावरची, तरीही ती, फाइल आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे.

कुणाला बाहेरून शोध करून घ्यावाच लागला, तर समोर बसून लॉगिन करायला लावा. एक्सेल घेऊ नका, डेटाबेसमधून थेट उतरवलेली फाइल मागा. एम्बेसच्या स्वतःच्या साइटवरून काढलेल्या नोंदीला ‘एल’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बघा. ज्यांच्याकडे अशी रंगीत फाइल आधीच आली आहे, त्यांनी सबमिशनआधी एम्बेसच्या रकान्यातले पीएमआयडी मोजा. सगळ्याच नोंदींना असले, तर गाइडना आजच सांगा.