आय५ की आय७? आधी पूर्ण नाव वाचा

लॅपटॉप घेताना इंटेलच्या प्रोसेसरची बहुतेकांची तुलना 'आय५ की आय७' इथेच थांबते. खरा फरक त्यापुढच्या आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात असतो. एकाच पिढीतली (जनरेशन) ही जोडी पाहा. नावातलं 'कोअर' हे मालिकेचं नाव; खालच्या ओळींतला कोअर म्हणजे चिपमधला काम करणारा भाग, थ्रेड म्हणजे चिप एका वेळी किती कामं हाताळते तो आकडा आणि बेस पॉवर म्हणजे सलग कामात चिप साधारण घेते ती वीज:

| | कोअर आय७-१३५५यू | कोअर आय५-१३५००एच |
|---|---|---|
| जनरेशन | १३ वी | १३ वी |
| मोठे कोअर | २ | ४ |
| छोटे कोअर | ८ | ८ |
| थ्रेड | १२ | १६ |
| कमाल वेग | ५.० गिगाहर्ट्झ | ४.७ गिगाहर्ट्झ |
| बेस पॉवर | १५ वॅट | ४५ वॅट |

ब्राउझर, एक्सेल, ऑनलाइन मीटिंग एवढंच काम असेल, तर आय७ अजिबात कमी पडणार नाही. क्षणभराच्या कामात तो थोडा पुढेच राहील. पण व्हिडिओ एक्स्पोर्ट, मोठा कोड कंपाइल करणं अशी दहा-पंधरा मिनिटं चालणारी कामं आली की १५ वॅटच्या चिपला वेग उतरवावा लागतो आणि 'एच'वाला आय५ सरळ पुढे निघून जातो. त्याच्या बदल्यात चार्जर जड, पंख्याचा आवाज जास्त आणि बॅटरी लवकर संपते. शिवाय किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, त्यामुळे तीच चिप पातळ मॉडेलमध्ये हळू चालू शकते.

जनरेशन ओळखताना एक घोळ नेहमी होतो. ८२५०यू आठव्या पिढीचा, मग १३५५यू पहिल्या पिढीचा का? नाही. चार आकडी नंबर १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे घ्या: १३.

जुना लॅपटॉप घेताना पिढीला फार महत्त्व येतं. आय७-७५००यू मध्ये २ कोअर आणि ४ थ्रेड आहेत, आय५-८२५०यू मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड. त्यात सातव्या पिढीचा हा आय७ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इथे आय५ च घ्यावा, विचार करण्यासारखं काही उरत नाही.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या चिपमध्ये फसगत आणखी सोपी. रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू हे नंबर जुळ्या भावांसारखे दिसतात. पहिल्यात झेन २ या जुन्या रचनेचे (आर्किटेक्चर) ४ कोअर, दुसऱ्यात नंतरच्या झेन ३ चे ६. लॅपटॉपच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा आर्किटेक्चर सांगतो, तो आधी बघा. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ या प्रकारच्या रॅमवर चालतो आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते. ८ जीबीचं मॉडेल घेतलं तर कायम ८ जीबीच. ५००० मालिकेला मात्र हा नियम लावू नका: ५५००यू झेन २, ५६००यू झेन ३.

इंटेलच्या नव्या नावांतून 'आय' गेला आहे. कोअर ७ १५०यू हा नवा वाटतो, पण आत १३५५यू सारखीच २ मोठ्या आणि ८ छोट्या कोअरची रचना आहे. कोअर अल्ट्रा ५ १२५एच मध्ये ४ मोठे, ८ छोटे आणि २ अगदी कमी विजेवर चालणारे कोअर, शिवाय एआयच्या कामासाठी एनपीयू हा वेगळा भाग. जड कामाला या दोघांत अल्ट्रा ५ घ्यावा, '७' बघून भुलू नये. त्यातल्या ग्राफिक्सचा वेग लॅपटॉपच्या रॅमवर अवलंबून असतो, म्हणून एकच रॅम स्टिक असलेलं मॉडेल टाळा.

डेस्कटॉपला इंटेलच्या नंबरामागचा 'एफ' तेवढा लक्षात ठेवा. १२४००एफ मध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा भाग नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

पैसे देण्याआधी मशीन सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूवर क्लिक केलं की पूर्ण नाव, कोअर आणि थ्रेड दिसतात. थ्रेड तिथे 'लॉजिकल प्रोसेसर्स' या नावाने असतात. स्टिकर बदलता येतो, म्हणून हेच नाव बिलावर लिहून घ्या.