४०० वॅटचा ब्लेंडर आणि फ्रीजरमधला हापूस

मार्चच्या अखेरीस, हापूसच्या पेट्या बाजारात नुकत्याच दिसू लागल्या असताना, आम्ही दुकानदार ज्याला ‘बुलेट ब्लेंडर’ म्हणतात ते छोटे यंत्र घरी आणले. ४०० वॅटची मोटर, चार पाकळ्यांचे एक पाते, ५०० आणि ३०० मिलिलिटरचे दोन प्लॅस्टिकचे पेले आणि पेल्यालाच लावून प्रवासात न्यायचे एक झाकण, एवढा संच सुमारे २,००० रुपयांना पडला. कंपनीचे नाव येथे देत नाही. याच घडणीची यंत्रे बाजारात निरनिराळ्या नावांनी विकली जातात आणि पुढे सांगितलेले गुणदोष बहुतांशी त्या घडणीचे आहेत. सकाळी लोकल गाठण्यापूर्वी एका माणसापुरती फळांची स्मूदी पाच मिनिटांत व्हावी आणि मागे धुण्याचा पसारा राहू नये, एवढ्याच हेतूने ते घेतले होते. आता दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणजे आंबा, फणस, अननस, पपई आणि पेरू अशा सगळ्या फळांवर ते चालवून झाले आहे.

घरात ७५० वॅटचा मिक्सर असताना हे कशाला, असा प्रश्न आईने पहिल्याच दिवशी विचारला आणि तो रास्त होता. मिक्सरचा मोठा जार दीड लिटरचा असतो. त्यात एका पेल्याएवढे दूध आणि दोन फोडी घातल्या तर पाते त्यांना भिंतीवर उडवून देते आणि स्वतः मोकळेच फिरत राहते. चटणीच्या जारमध्ये ते प्रमाण बरोबर बसते, पण ज्या जारमध्ये आदल्या दिवशी लसणीची चटणी वाटली असेल त्यात आंबा फिरवून पाहावा. जार कितीही घासला तरी तो वास रबराच्या रिंगेत दडून बसलेला असतो. केवळ फळांसाठी राखलेला लहान जार, हाच या खरेदीमागचा खरा युक्तिवाद आहे, आणि तेवढ्यापुरता तो सात महिन्यांनंतरही मला पटतो.

यंत्राची रचना मिक्सरच्या उलट आहे आणि ती लक्षात न घेतल्यामुळे माझे पहिले चार दिवस वाया गेले. मिक्सरच्या जारमध्ये पाते तळाशी असते, म्हणून आपण दूध आधी ओततो व फळे मागून घालतो. येथे पेला भरून त्यावर पात्याची चकती आवळायची आणि सगळे उपडे करून मोटरवर बसवायचे असते. त्यामुळे जे शेवटी घालाल ते पात्याला आधी भिडते. मी सवयीने दूध आधी आणि फ्रीजरमधल्या फोडी वर, असे भरत होतो. उपडे केल्यावर दूध अर्थातच खाली उतरत होते, पण दगडासारख्या फोडीही थेट पात्याच्या पाकळ्यांमध्ये अडकत होत्या. मोटर नुसती घुमायची, फिरायची नाही, आणि थोड्या वेळाने तापलेल्या वार्निशचा वास यायचा. आता गोठलेले फळ पेल्याच्या तळाशी, त्यावर केळे किंवा पपईसारखे मऊ फळ आणि सर्वांत शेवटी दूध किंवा दही, असा क्रम ठेवतो. मऊ फळाचा रस आधी फिरू लागतो आणि गोठलेल्या फोडींना हळूहळू आत ओढून घेतो.

ताज्या हापूससाठी हे यंत्र उत्तम आहे. दोन मध्यम फळांचा गर, १०० मिलिलिटर घट्ट दही आणि थोडे गार पाणी एवढ्याला तीस सेकंद पुरतात, आणि पेल्यात पाहिले तर रेशमासारखी एकजीव, किंचित फेसाळ स्मूदी दिसते. हापूसच्या गरात रेषा जवळजवळ नसतातच, हे त्याचे अर्धे श्रेय. रायवळ आंब्यावर तेच यंत्र चालवले तेव्हा रेषा पात्याच्या मुळाशी सुतासारख्या गुंडाळल्या गेल्या आणि त्या काढायला दातकोरणी घ्यावी लागली. रायवळ चोखूनच खावा, हे जुने मत या यंत्राने पक्के केले.

खरी कसोटी पावसाळ्यात लागली. मेच्या शेवटच्या आठवड्यात आंबे उतरले, म्हणजे स्वस्त झाले, तेव्हा आम्ही दोन डझन फळांच्या फोडी करून फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. पहिला डबा फोडी एकमेकींवर रचून भरला, तर त्याची एकच वीट झाली आणि ती सुरीनेही फुटेना. पुढच्या फोडी स्टीलच्या ताटात सुट्या पसरून रात्रभर गोठवल्या आणि सकाळी पिशवीत भरल्या, तेव्हा त्या हव्या तेवढ्या मूठभर काढता येऊ लागल्या. फ्रीजरमधून काढल्याबरोबर मात्र ४०० वॅटच्या मोटरला त्या झेपत नाहीत. दहा मिनिटे ओट्यावर ठेवल्या, बोटाने दाबल्यावर कडा किंचित दबू लागल्या, की १५० ग्रॅम फोडी, एक वेलची केळे आणि १५० मिलिलिटर दूध हे मिश्रण व्यवस्थित फिरते. केळे चवीपेक्षा दाटपणासाठी असते. ते नसेल तर पाणी आणि गर थोड्या वेळात वेगळे होऊ लागतात. खोक्यावर बर्फाच्या खड्यांचे सुंदर चित्र आहे आणि आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरात बर्फ घालू नये असे छापलेले आहे. या दोहोंपैकी पुस्तिकेवर विश्वास ठेवावा.

सलग एका मिनिटापेक्षा जास्त फिरवू नये, असेही त्या पुस्तिकेत आहे आणि ते अनुभवाने खरे ठरले. आपल्या नेहमीच्या मिक्सरच्या पाटीवर ३० मिनिटांचे रेटिंग लिहिलेले असते आणि मोटरवर भार आला की बुडाशी असलेले लाल बटण बाहेर येते. ते आत दाबले की काम पुढे चालू. या यंत्राला असे बटण नाही. ते तापले की आपोआप बंद पडते आणि पुरते गार होईपर्यंत ढिम्म हलत नाही. जूनमध्ये पाहुण्यांसाठी सलग सहा पेले करायला घेतले, तेव्हा तिसऱ्या पेल्यानंतर असेच झाले. उरलेले तीन मुकाट्याने मिक्सरच्या मोठ्या जारमध्ये केले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते अधिक चांगले झाले. चौघांच्या घरात रोज सर्वांसाठी स्मूदी होणार असेल तर हे यंत्र घेऊ नये. एकट्यादुकट्यासाठी जरूर घ्यावे.

अननसाबाबत जी फजिती झाली तिचा दोष यंत्राकडे जात नाही, पण घरी स्मूदी करणाऱ्या प्रत्येकावर ती वेळ येते म्हणून सांगतो. केरळहून येणारा पिकलेला, वासानेच घर भरून टाकणारा अननस दुधाबरोबर फिरवला. लगेच प्यायलेला घोट छान लागला. उरलेला पेला झाकण लावून ऑफिसला नेला आणि अकरा वाजता उघडला, तर तो चक्क कडू झाला होता आणि त्यात बारीक गुठळ्या दिसत होत्या. प्लॅस्टिकला दोष देऊन मी पेला दोनदा सोड्याने धुतला. कारण वेगळेच होते. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांची चव कडवट असते. पपईतले पपेन याच जातीचे काम करते. म्हणून पपईची दुधातली स्मूदीही करून ठेवू नये, केली की प्यावी. उष्णतेने हे विकर निकामी होते, त्यामुळे डब्यातला किंवा पाच मिनिटे उकळून गार केलेला अननस दुधात चालतो, मात्र ताज्या फळाचा तो चटकदार वास त्यात राहत नाही. आम्ही शेवटी अननसासाठी दूध सोडले आणि नारळाचे दूध किंवा शहाळ्याचे पाणी व मलई घेऊ लागलो. अननस, शहाळ्याची कोवळी मलई आणि चिमूटभर मीठ हा या सात महिन्यांतला माझा सर्वांत आवडता पेला आहे. नारळाचे दूध मात्र याच यंत्रात काढायचा आग्रह धरू नये. खवलेला नारळ त्यात भुग्यासारखाच राहतो.

फणसाने सुखद धक्का दिला. कापा फणसाचे गरे करकरीत असल्याने त्यांचे बारीक तुकडेच होतात, पण बरका फणस, जो घरात बऱ्याच जणांना नुसता खायला बुळबुळीत वाटतो, तो या पेल्यात वीस सेकंदांत मलईसारखा होतो आणि त्याला साखर लागत नाही. पेरूने उलट निराशा केली. त्याच्या बिया अर्धवट भरडल्या जातात आणि प्रत्येक घोटाला वाळू दाताखाली आल्यासारखे वाटते. गाळून घ्यावे तर गरही गाळणीतच राहतो. सीताफळाची एकही बी आत जाऊ नये, याची काळजी घ्यावी लागते आणि सकाळच्या घाईत ती घेणे मला जमले नाही.

धुणे सोपे आहे, या जाहिरातीतल्या दाव्यात अर्धेच तथ्य आहे. पेल्यात पाणी व साबणाचा एक थेंब घालून दहा सेकंद फिरवले की तो स्वच्छ होतो, हे खरे. पण पात्याच्या चकतीत एक पांढरी रबरी रिंग असते आणि तिच्याखाली गर जाऊन बसतो. पावसाळ्यात एके दिवशी ती सुरीच्या टोकाने उचलली, तेव्हा खाली काळ्या बुरशीची बारीक कडा धरलेली दिसली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा रिंग काढून गरम पाण्याने धुतो आणि कोरडी करूनच बसवतो. ही गोष्ट पुस्तिकेत ठळक अक्षरांत असायला हवी होती.

सप्टेंबरमध्ये पात्याखालचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, गळू लागला आणि मोटरवर अननसाचा चिकट रस उतरला. कंपनीच्या सेवा केंद्राने पात्याची चकती सुटी मिळत नाही, पेल्यासह पूर्ण संच घ्यावा लागेल, असे कळवले; त्याची किंमत नव्या यंत्राच्या जवळपास निम्मी होती. आमच्या गल्लीत मिक्सर दुरुस्त करणाऱ्या काकांनी चकती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, “दादा, मोठ्या मिक्सरचा बुश मी डोळे मिटून बदलतो, पण हा दाबून बसवलाय, खोलताच येत नाही.” मोटरची फिरकी पात्याला देणारा जोड, म्हणजे कपलर, मात्र त्यांच्याकडे होता; आमचा तोही झिजला होता म्हणून ऐंशी रुपयांत बदलून दिला. शेवटी संच घ्यावाच लागला. दुकानात यंत्र पाहताना वॅटचे आकडे मागून विचारावेत; आधी पात्याची चकती आणि रबरी रिंग सुटी मिळते का ते विचारावे, आणि मिळत असेल तर एक जादा रिंग त्याच दिवशी घेऊन ठेवावी.