नौपाड्यातील व्याख्यानवर्ग : आदिमानवाच्या वाटा
ठाण्यात नौपाड्यात भरणारा आदिमानवाच्या स्थलांतरावरील शनिवारचा व्याख्यानवर्ग मी मनापासून सुचवेन, कारण तेथे अनुत्तरित प्रश्न अनुत्तरित म्हणूनच मांडले जातात. सर्वाधिक वेळ पुणे जिल्ह्यातील बोरीला मिळाला, आणि तो योग्यच होता: कुकडीकाठी दगडी हत्यारांसोबत सापडलेली ज्वालामुखीची राख सुमात्रातील तोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की साडेसहा लाख वर्षांहून जुनी, हा वाद व्याख्यात्यांनी दोन्ही बाजूंच्या कालमापनासह उलगडला. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम येथे सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वीची प्रगत हत्यारे मिळाली, परंतु ती घडवणाऱ्यांचे एकही हाड मिळालेले नाही; ही उणीव केवढी मोठी आहे, हे मला तेथेच उमगले. इनामगाव, म्हणजे पुणे जिल्ह्यातीलच सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वसाहत, मात्र घाईत उरकले. ती वसाहत ओस का पडली, यावर चर्चा हवी होती. शुल्क रास्त आहे. नकाशे मागच्या रांगेतून नीट दिसत नाहीत, म्हणून पुढे बसावे.