बडोद्याच्या गाडीत दारू: रेल्वेचा कायदा आणि गुजरातचा कायदा

मुंबईहून बडोद्याला येणाऱ्या प्रवाशाला दारूच्या बाबतीत दोन कायदे लागू होतात, आणि त्यांतला फरक दांडिया बाजारातल्या आम्हा मराठी मंडळींनी तरी पाहुण्यांना आधीच सांगायला हवा. रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १४५ वागणुकीकडे पाहते: डब्यात किंवा फलाटावर नशेत आढळणाऱ्याला कर्मचारी बाहेर काढू शकतात, त्याचे तिकीट जप्त होते आणि ६ महिन्यांपर्यंत कैद व ५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गुजरातेत लागू असलेला १९४९ चा दारूबंदी कायदा मात्र नुसते बाळगणेही गुन्हा मानतो. बोरिवलीच्या दुकानातून घेतलेली, सील न फोडलेली, पावतीसकट कपड्यांत गुंडाळून ठेवलेली बाटली गुजरातच्या हद्दीतले उंबरगाव आले की परवान्याशिवाय मुद्देमाल ठरते. गाडी तीच, बाकही तेच. परराज्यातील पाहुण्याला परवाना मिळू शकतो, पण म्हणून डब्यात पिण्याची मुभा मिळत नाही.

दोहोंपैकी रेल्वेचा दंड मला फारच तोकडा वाटतो, कारण रात्रीच्या डब्यात लेकरांना घेऊन निजलेल्या बाईला समोरच्या बर्थवरील मद्यप्याची जी धास्ती वाटते, तिची भरपाई ५०० रुपयांत होत नाही. अशा वेळी संकोच न करता रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.